पेरूने काहीही केलेलं नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळा व्यवस्थापन समितीचे आधारस्तंभ आदरणीय हमीदभाई हुर्जूक, वेळात वेळ काढून आलेले केंद्रप्रमुख साहेब, ग्रामपंचायतीचे सन्माननीय सदस्य, आजचे सत्कारमूर्ती, माझे आणि इथे बसलेल्या निम्म्या गावाचे गुरुजी, आदरणीय रामचंद्र नाक्ती गुरुजी, सौ. नाक्तीकाकू, सूत्रसंचालन करणारे मितेश सर, समोर जमलेले ग्रामस्थ, माता-भगिनी, पुढच्या सतरंजीवर बसून सारखी मागे वळून बघणारी बालमंडळी, आणि दुसऱ्या रांगेत पदर सावरून बसलेली माझी आई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

आज शनिवार, दिनांक ३१ जानेवारी २०२६. दुपारी अडीच वाजता मी याच मंडपात शिडीवर उभा होतो. माझ्या मागे जो फलक आहे तो छापून आला तेव्हा त्यावर 'निरोप सभारंभ' असं होतं. सभारंभ. ज्यांनी छापला त्यांचं नाव घेत नाही, ते आपलेच आहेत. मी पांढऱ्या स्टिकरचा एक 'म' कापला आणि त्या 'भ'वर चिकटवला. नीट पाहिलंत तर तो 'म' किंचित वर आलेला दिसेल. कृपया पाहू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी निकेत तोडणकर. वाडीच्या टोकाला आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. शिक्षण नववीपर्यंत. गावातल्या पाट्या मी रंगवतो, आणि 'चहा-नाश्त्याची सोय' लिहिताना 'नाश्ता' चुकलेली एकही पाटी आपल्या हद्दीत नाही, याचा मला अभिमान आहे. त्याचं श्रेय गुरुजींचं. मला पालक प्रतिनिधी म्हणून पाच मिनिटं मिळाली आहेत. मी चार पानं लिहून आणली होती. दोनदा तपासली होती. पण अर्ध्या तासापूर्वी याच टेबलावर जे झालं, त्यानंतर ती पानं खिशातच बरी.

तरी गुरुजींबद्दल आधी बोलायला हवं, कारण त्यासाठीच आपण जमलो आहोत. गुरुजी या शाळेत आले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मुलगा शाळेत आला नाही तर गुरुजी त्याच्या घरी जाऊन पडवीत बसायचे. बोलायचे काही नाहीत, नुसते बसायचे. मग घरचेच कंटाळून मुलाला हाकलायचे. वादळात शाळेचे पत्रे उडून खाडीकाठच्या खाजणात पडले, आणि पुढे शाळा सुरू झाल्या तेव्हाही डोक्यावर छप्पर नव्हतं. गुरुजींनी हमीदभाईंच्या गोदामात वर्ग भरवला. एका बाजूला सुपारीची पोती, दुसऱ्या बाजूला पाढे. त्या वर्षीची मुलं अजून सुपारीचा वास आला की बे एके बे म्हणतात, असं हमीदभाई सांगतात. गुरुजींनी आजवर एकाही मुलाला 'हा ढ आहे' असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. मलाही म्हटलं नाही, आणि तेव्हा संधी भरपूर होती.

तर असे आमचे गुरुजी. आणि त्यांनीच मघाशी माझ्या मुलाला उचलून या टेबलावर उभं केलं.

ऋत्विक साडेचार वर्षांचा आहे. शाळेच्या आवारातल्या अंगणवाडीत जातो. आपण सगळ्यांनी पाहिलं, मी पुन्हा सांगायला नको, पण सांगतो, कारण आपण जे पाहिलं आणि जे झालं त्यात फरक आहे. गुरुजी म्हणाले, "हा आमचा पोपट. आता पोपट स्वागत करेल." ऋत्विकने माइक धरला. आधी म्हणाला, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग." मग गुरुजींचा आवाज काढून म्हणाला, "उपस्थित मान्यवर आणि माझ्या बालमित्रांनो." मधला खोकलासुद्धा जसाच्या तसा. आपण टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या. त्याने दोन्ही कान झाकले आणि म्हणाला, "एक्स्ट्रा टॉवेल मिळेल का?" आपण हसलात. तो पुन्हा म्हणाला. आपण आणखी हसलात, मागच्या रांगेतून शिट्टी आली. तिसऱ्यांदा त्याने ते ओरडून म्हटलं. तेव्हा माझी बायको अमिषा चपला न काढता व्यासपीठावर चढली आणि त्याला घेऊन बाहेर गेली.

त्यावर मंडपात जे बोललं गेलं तेही मी ऐकलं. मी इथेच बाजूला उभा होतो. "पोराचं कौतुक बघवत नाय काय हिला?" असं एक वाक्य होतं. कोणाचं ते मला माहीत आहे. नाव घेत नाही, त्यांच्याही पाटीचं काम माझ्याकडे आहे.

तर खुलासा असा. गेल्या पावसाळ्यात ऋत्विक अंगणात पडला, गुडघा फुटला, रक्त आलं. त्याच वेळी पुण्याच्या एक बाई पायरीवर उभ्या राहून विचारत होत्या, "एक्स्ट्रा टॉवेल मिळेल का?" तेव्हापासून आमच्याकडे त्या वाक्याचा अर्थ 'मला दुखतंय' असा आहे. दाढ दुखली तरी तो टॉवेल मागतो. घाबरला तरी टॉवेल मागतो. मघाशी आपल्यासमोर उभा राहून, आपल्या सर्वांच्या हसण्यात, माझा मुलगा तीनदा सांगत होता की मला दुखतंय.

आता शांत झालात. मघाशी झाला असतात तर बरं झालं असतं. माफ करा, हे मी लिहून आणलेलं नव्हतं.

अध्यक्ष महोदय, या सगळ्याच्या मुळाशी एक पेरू आहे. आपल्याला तो माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, असेच थंडीचे दिवस. ऋत्विक अडीच वर्षांचा होता. 'मम', 'भू', 'बा' असे दोन-चार शब्द यायचे, तेही थांबले होते. आपल्याकडे पद्धत आहे, मूल बोलत नसेल तर पोपटाने चोच मारलेला पेरू खायला द्यायचा. माझ्या आईने आमच्या विहिरीजवळच्या झाडाचा असा पेरू शोधून काढला आणि त्याला भरवला. आठवडाभरात ठाण्याचे पाहुणे आले, आणि ते गेल्यावर ऋत्विक पडवीत उभा राहून त्या गृहस्थांच्या आवाजात म्हणाला, "दादा, वायफायचा पासवर्ड काय आहे?" पहिलं अख्खं वाक्य! आईच्या हातून आमटीचं पातेलं सुटलं. संध्याकाळी तिने गावभर साखर वाटली.

मग काय विचारता? आमच्या विहिरीजवळ यात्रा सुरू झाली. बोर्लीपासून, म्हसळ्यापासून लोक. "साधा नको हां, चोच मारलेलाच द्या." चोचीची खूण खरी कशी ओळखायची, यावर आमच्या पडवीत चर्चा झडल्या. काही हुशार मुलांनी नखाने खड्डे पाडून पेरू विकले. हमीदभाईंनी आपल्या मस्कतच्या नातीसाठी पाच पेरू विमानाने पाठवले. काय म्हणालात? सात? बरं, दुरुस्ती करतो. सात पेरू. नात बोलायला लागली, अल्लाची मेहेरबानी. पण हमीदभाई, ती सव्वा वर्षाची होती. ती बोलणारच होती. पेरू पोचले तेव्हा ती बोलत होती, असं तुमच्या सूनबाईंनीच माझ्या बायकोला फोनवर सांगितलं.

आणि या पेरूला गावाबाहेर कोणी नेलं? गुरुजींनी. पंधरा ऑगस्टला पेरू, बालदिनाला पेरू, केंद्र संमेलनात पेरू. "आमच्या गावात एक मूल होतं, ज्याला शब्द नव्हते," अशी सुरुवात आणि "आज ते मूल तीन भाषा बोलतं," असा शेवट. टाळ्या. केंद्रप्रमुख साहेब मान हलवतायत, म्हणजे त्यांनीही ऐकलंय.

तीन भाषा. बरोबर आहे. ऋत्विक मराठी बोलतो, हिंदी बोलतो, इंग्रजी बोलतो. भूक लागली की विचारतो, "नाश्ता इन्क्लूडेड आहे का?" झोप आली की, "भैया, एसी चालू कर दो." कुठून निघायचं असलं की, "बिल करा." प्रत्येक वाक्य कोणा ना कोणा पाहुण्याचं, त्या पाहुण्याच्या सुरात. स्वतःचं असं वाक्य त्याने अजून एकही केलेलं नाही. मी वाट बघतोय. कान देऊन बघतोय.

आणि एक गोष्ट. पाहुणे अमिषाला 'ताई' म्हणतात, माझ्या आईला 'मावशी', मला 'दादा'. ऋत्विकही तेच म्हणतो. यावर गावात विनोद आहे, "तोडणकरांकडं एक पाव्हणा साडेचार वर्सं उतरलाय, चेकआउटच करत न्हाय." विनोद चांगला आहे. मीही त्यावर हसलो आहे. अमिषा हसत नाही. तिला तिच्या मुलाने अजून 'आई' म्हटलेलं नाही, आणि आपण तिला सांगतो की तुझा मुलगा तीन भाषा बोलतो.

वर्षभरापूर्वी तिने मला सांगितलं, याला दाखवायला हवं. माणगावला एका दवाखान्यात महिन्याच्या पहिल्या सोमवारी मुलांच्या वाढीच्या डॉक्टर येतात. त्या मुलाबरोबर खेळतात, घरच्यांना प्रश्न विचारतात आणि सांगतात, मूल स्वमग्न आहे का, आणि असेल तर पुढे काय करायचं. त्यासाठी शब्द आहे, 'ऑटिझम'. मी तो रेघांच्या वहीत लिहून बघितला. ट ला पहिली वेलांटी. लिहिता आला. मोठ्याने म्हणता येईना.

मग मी माणसांना विचारलं. इथे माझी चूक झाली असं नाही म्हणणार, कारण गावात राहून न विचारता करायचं कसं? पण काय उत्तरं मिळाली ती ऐका. एक: बाप पण उशिरा बोलला होता. हो, मी तीन वर्षांचा असताना बोललो. 'आई' म्हणालो. दोन: मोबाइल बंद करा. आमच्याकडे नेटवर्कच पडवीच्या एका कोपऱ्यात येतं. तीन: कान टोचा. दोन्ही टोचलेले आहेत, आपल्या टाळ्यांनी आज पुन्हा टोचले. चार: वेखंड मधात उगाळून जिभेला चोळा. पाच: आधी चोळू नका, आधी आमच्या भटजींना विचारा. सहा: उद्या लग्न करताना मुलीकडचे काय म्हणतील? साडेचार वर्षांचं पोर आहे हो! त्याला पॅन्ट आपली आपण घालता येत नाही, आणि तुम्ही मुलीकडच्यांना चहा करायला निघालात!

सहा झाली, आणखी आहेत. थांबतो. आवाज चढतोय हे मलाही कळतंय.

सर्वांत जड सल्ला गुरुजींचा होता. गुरुजी म्हणाले, "निकेत, मुलं नारळाच्या रोपासारखी. आपल्या वेळेने वाढतात. त्याच्यावर शिक्का मारून घेऊ नकोस." गुरुजींनी सांगितलं म्हटल्यावर माझी तर जीभच बांधली गेली. दिवाळीनंतरची तारीख घेतली होती, ती मोडली. बुकिंग होतं, असं घरी सांगितलं. डिसेंबरची तारीख घेतली, तीही मोडली. तेव्हा अमिषा मला जे म्हणाली ते मी तिच्या परवानगीने सांगतो. ती बाहेर पिंपळाखाली ऋत्विकला घेऊन बसली आहे, कर्ण्यातून तिला सगळं ऐकू जातंय. ती म्हणाली, "तुला पाटीवरचा चुकलेला अनुस्वार रस्त्याच्या पलीकडून दिसतो. मांडीवरचा पोरगा दिसत नाय."

मी म्हटलं, "आणि डॉक्टरांनी चुकीचं लिहून दिलं तर?"

म्हणाली, "मग लाल पेन घेऊन बस."

त्या लाल पेनावरून मला गुरुजी आठवले. गुरुजी, आता मी जे बोलतो ते आपल्यासमोर बोलायची माझी लायकी नाही, पण आपण आजच निवृत्त होताय, नंतर बोलून उपयोग काय?

चौथीत मी 'मि शाळेत जातो' असं लिहायचो. पहिली वेलांटी. आपण त्या 'मि'भोवती लाल गोल करायचात. दर वेळी. वही परत देताना हसायचात, पण गोल करायचात. आपण मला कधी असं म्हणालात का, की थांबू या निकेत, वय वाढलं की पहिली वेलांटी आपोआप दुसरी होईल? शिक्का बसेल म्हणून गोल करायला घाबरलात का? त्या लाल गोलाने मी वाईट मुलगा झालो नाही. कुठे बघायचं ते मला कळलं, एवढंच झालं. आज त्याच्यावर माझं पोट चालतं.

मूल म्हणजे वेलांटी नव्हे, हे मला समजतं. माझा मुलगा चुकलेला नाही. त्याला दुरुस्त करून आणायला मी माणगावला जात नाही. आणि नारळाच्या रोपाचंच म्हणाल तर गुरुजी, आपण सगळे वाडीवाले. रोप सुपारीचं आहे की नारळाचं हे न बघता आपण कधी पाणी घातलंय? आधी बघतो, मग आळं करतो. मला एवढंच बघून हवंय. डॉक्टर म्हणाल्या की काही नाही, तर काही नाही. म्हणाल्या की आहे, तर आहे. ऋत्विक दोन्ही वेळा तोच असेल. टॉवेल म्हणजे दुखणं, हे आम्हाला नशिबाने कळलं. बाकीच्या वाक्यांचे अर्थ कोण सांगणार?

काय म्हणालात गुरुजी? "मी कौतुकानेच म्हणत होतो रे." होय गुरुजी. कौतुकानेच. आता त्या कौतुकाचंच सांगतो, आणि मग संपवतो. मितेश सर, दोन मिनिटं.

आज सकाळी घरात गडबड होती. शनिवार, चारही खोल्या भरलेल्या, समारंभासाठी बचत गटाचा साठ माणसांचा उपमा आमच्याच चुलीवर. आई खवणीवर नारळ खवत होती. मी तिला सांगितलं, परवा सोमवारची तारीख घेतली आहे, या वेळी मोडणार नाही. वर्षभर या विषयावर आईचं एकच उत्तर आहे, "माझ्या नातवाला काय झालेलं न्हाय." मला वाटायचं, तिला पेरूचा मान सोडवत नाही. लोक हात जोडून पेरू मागायला येतात, कोणाला आवडणार नाही? थोडा राग होता माझ्या मनात. मी म्हटलं, "आई, तुझ्या पेरूपायी पोराचं वर्ष गेलं."

आईची खवणी थांबली. तिने वर बघितलं नाही. म्हणाली, "डाक्टरनी इचारलं, पोराला काय खायला घातलं, तर मी काय सांगू?"

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, "म्हणजे?"

म्हणाली, "पोपटाचं उष्टं मीच दिलं न्हाय का? पोपटाचं दिलं, पोपटच झाला. आदी आपलंच दोन शब्द बोलायचा, मम म्हनायचा. आता कुनाकुनाचं बोलतो. ते माज्यामुळं झालं, असं त्या कागदावर लिवून देतील. मग अमिषा माज्याकडं बघंल का?"

मंडळी, दोन वर्षं. दोन वर्षं आपण तिच्या दारात येऊन म्हणत होतो, "कमळवयनी, तुमच्या पेरूची कमाल!" आणि ती आत जाऊन रडत होती. आपण ज्याला कमाल म्हणत होतो, तो तिला आपला अपराध वाटत होता. जितकं कौतुक जास्त, तितका अपराध मोठा. गुरुजींनी संमेलनात पेरू सांगितला की आमच्या घरी आईचा उपास. मला वाटायचं, संकष्टी असेल.

आई, हे मी तुला न विचारता बोललो. घरी गेल्यावर मला काय बोलायचं ते बोल. पण तुझ्या एकटीच्या कानात सांगून हे जाणार नाही, हे मला सकाळीच कळलं. मी सांगितलं, "आई, असं काही नसतं," तर तू म्हणालीस, "तू लहान हायस. सगळा गाव म्हनतो पेरूनं झालं." बरोबर आहे. गावाने केलेलं गावातच पुसायला हवं.

म्हणून अध्यक्ष महोदय, आपल्या परवानगीने, माइकवरून, मुद्दाम सावकाश सांगतो. पेरूने काहीही केलेलं नाही. चांगलं केलेलं नाही आणि वाईटही केलेलं नाही. पोपटाला भूक लागली, त्याने चोच मारली. आजीला काळजी वाटली, तिने भरवला. पेरू पोटात गेला आणि दुसऱ्या दिवशी बाहेर आला. ऋत्विक पाहुण्यांची वाक्यं बोलतो कारण तो पाहुण्यांमध्ये वाढतो आणि त्याचं डोकं त्याच्या पद्धतीने चालतं. पेरू खाल्ला नसता तरी तो हेच बोलला असता. अमिषाला हे पहिल्यापासून माहीत आहे, आई. तिने तुला कधीच दोष दिलेला नाही. तुला खोटं वाटत असेल तर बाहेर बसली आहे, विचार.

आणि गुरुजी, आपल्याकडे एक मागणं आहे. विद्यार्थ्याने निरोपाच्या दिवशी गुरूला द्यायचं असतं, मी उलट मागतोय. माझ्यानंतर आपण उत्तरादाखल बोलायला उभे राहाल. आपल्या भाषणात पेरू आहे, हे मला माहीत आहे, कारण गेल्या दोन वर्षांत तो नाही असं आपलं भाषण झालेलं नाही. आज तो घेऊ नका. आजच नाही, पुढेही कुठे बोलायला बोलावलं तर घेऊ नका. दुसरं काहीही सांगा. मी नववीत शाळा सोडली तेव्हा आपण आमच्या पडवीत तीन दिवस बसलात आणि मी तरीही आलो नाही, ते सांगा. लोक हसतील. चालेल मला.

गुरुजींनी खिशातून पेन काढलं आहे. कागदावर काहीतरी खोडतायत. बरंच मोठं खोडतायत. गुरुजी, मी आपला ऋणी आहे.

आता आभार मानतो. मंडप आणि खुर्च्यांसाठी हमीदभाई, माइकसाठी तरुण मंडळ, उपमा आणि चहासाठी महिला बचत गट यांचे आभार. सोमवारी संध्याकाळी आम्ही परत येऊ तेव्हा नाक्यावर थांबवून "काय म्हनले डाक्टर?" असं कोणी विचारू नये, ही विनंती. काही सांगायचं असेल तर अमिषा सांगेल, तिला वाटेल तेव्हा, तिला वाटेल त्याला. मघाशी मी काही जणांना टोचून बोललो, वडीलधाऱ्यांचा मान राखायला हवा होता तितका राखला नाही, आणि पाच मिनिटांच्या जागी किती घेतली ते मितेश सर मोजत बसलेत. घरातल्या पोराचा तोल गेला असं समजून आपण सर्वांनी पोटात घालावं. मनात कोणाविषयी काही नाही. जे होतं ते आता सगळं बोलून झालं.

एकच राहिलं. आई, डॉक्टर आजीलाही प्रश्न विचारतात. दिवसभर तो तुझ्याकडेच असतो, तो काय बोलतो, कधी बोलतो, ते तुझ्याइतकं आम्हालाही माहीत नाही. सोमवारी सकाळी सहाची एसटी आहे. येशील का?

माइकवर ऐकू आलं नसेल, म्हणून आई काय म्हणाली ते सांगतो. आई म्हणते, "म्हसळ्याच्या घाटात त्याला गाडी लागते. नाकाला लिंबू कोन धरनार?"

म्हणजे येते आहे. मग तिकिटं अशी, माझं एक पूर्ण, दोघींची अर्धी, आणि ऋत्विकला अजून तिकीट लागत नाही.

धन्यवाद.